ज्यूंची मायभूमीकडे परतण्याची चळवळ थिओडोर हर्झलपासून सुरू झाली का? त्याआधी कोणी प्रयत्न केले असतील तर ते फसले कशामुळे, आणि आपल्याकडील बेने इस्राएलींचा त्यात काही वाटा होता का?

नाही, ती हर्झलपासून सुरू झालेली नाही. १८९७ च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात व्हिएन्नाचा पत्रकार हर्झल याने पहिली झायनवादी, म्हणजे ज्यूंच्या मायभूमीसाठी झटणाऱ्यांची, परिषद भरवली, तेव्हा पॅलेस्टाइनमध्ये ज्यू शेतकऱ्यांच्या वसाहती उभ्या राहून पंधरा वर्षे होत आली होती. आपल्या प्रश्नातील 'फसले' हा शब्द मात्र मला सरसकट मान्य नाही, कारण त्यांतील बहुतेक वसाहती आजही शहरे म्हणून नांदत आहेत. त्या चळवळीला ओढ कमी नव्हती आणि जिवावर उदार होणारी माणसेही होती. कमी होते ते भांडवल, शेतीचे ज्ञान आणि सर्वांत जास्त म्हणजे सरकारी परवानगी.

पहिली अडचण धर्माची होती. मशीहा, म्हणजे तारणहार, येईल आणि ईश्वरच आपल्या लोकांना परत नेईल, तोवर माणसाने घाई करू नये, असे बहुसंख्य धर्मनिष्ठ ज्यू मानत. या समजुतीला धर्माच्याच आधाराने उत्तर देण्याचे काम दोन रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, केले: बेलग्रेडजवळच्या झेमुनचे येहुदा अल्कलाई आणि प्रशियातील थॉर्नचे झ्वी हिर्श कालिशर. मुक्तीची सुरुवात मानवी प्रयत्नाने व्हायची आहे, जमीन घेऊन ती कसणे हे त्याचे पहिले पाऊल आहे, असे कालिशर यांनी १८६२ मध्ये ग्रंथ लिहून मांडले. योगायोग असा की त्याच वर्षी मोझेस हेस या समाजवाद्याने अगदी निराळ्या वाटेने, म्हणजे इटलीच्या एकीकरणाकडे पाहून, ज्यूंनाही राष्ट्र हवे असा निष्कर्ष काढला. कालिशर यांच्या खटपटीला आलेले एक ठोस फळ म्हणजे १८७० मध्ये जाफाजवळ निघालेली मिक्वे इस्राएल ही शेतीशाळा. ती पॅरिसच्या 'अलियान्स' या ज्यू संस्थेच्या वतीने शार्ल नेत्तेर याने काढली. १८७८ मध्ये जेरुसलेमच्याच काही ज्यूंनी, युरोपातून येणाऱ्या देणग्यांवर जगण्याचा कंटाळा येऊन, पेताह तिक्वा वसवले. पण दलदल आणि हिवताप यांच्यापुढे त्यांना ते काही काळ सोडून द्यावे लागले.

चळवळीला खरा जोर आला तो १८८१ नंतर. त्या वर्षीच्या मार्चमध्ये झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली आणि एप्रिलमध्ये येलिसावेतग्राद येथून दक्षिण रशियात ज्यूंविरुद्ध दंगलींची लाट उसळली. पुढच्या वर्षी मे महिन्यात सरकारने दंगलखोरांना आवरण्याऐवजी ज्यूंनाच खेड्यांत नव्याने वस्ती करण्याची बंदी घातली. ज्यूंनी रशियन समाजात मिसळून जावे असे आयुष्यभर सांगत आलेला ओडेसाचा डॉक्टर लेऑन पिन्स्कर या घटनांनी मुळापासून हादरला आणि १८८२ मध्ये त्याने जर्मन भाषेत एक निनावी पुस्तिका काढली: दुसऱ्यांनी आपल्याला हक्क द्यावेत म्हणून वाट पाहणे व्यर्थ आहे, आपली भूमी आपणच मिळवली पाहिजे. ती भूमी पॅलेस्टाइनच असावी असा त्याचा आग्रह नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. रशिया आणि रुमानियात गावोगाव निघालेल्या 'होवेवेई झिऑन', म्हणजे झायनप्रेमी, मंडळांनी त्याला पॅलेस्टाइनकडे ओढले. अर्थात घर सोडून निघालेल्या लाखो ज्यूंपैकी बहुतेकांनी अमेरिकेचीच वाट धरली. पॅलेस्टाइनकडे वळलेले मूठभरच होते.

त्या मूठभरांत 'बिलू' या गटाची कथा मला सर्वांत बोलकी वाटते. खार्कोव्हच्या विद्यार्थ्यांनी १८८२ च्या प्रारंभी हा गट स्थापला. इस्राएल बेल्किंड हा त्यांचा म्होरक्या. हजारोंना नेण्याच्या गोष्टी झाल्या, आणि जुलैत जाफाच्या बंदरात उतरले १४ जण. नांगराला कधी हात न लावलेली ही शिकलेली पोरे मिक्वे इस्राएलमध्ये रोजंदारीवर राबली. त्यांच्यापैकी काहींनी १८८४ च्या डिसेंबरात गेदेरा वसवले, पण पॅलेस्टाइन तेव्हा तुर्की साम्राज्यात होते, आणि तेथे घर बांधायला तुर्की अधिकारी परवाना देईनात. सारे एका लाकडी झोपडीत राहिले. जनावरांना निवारा हवा, तर छपराचे बांधकाम दिसले की अधिकारी ते पाडणार. म्हणून त्यांनी जमिनीत मोठा खड्डा खणून तोच गोठा केला. तो खड्डा आजही गेदेरात जपून ठेवलेला आहे. परवानगीवाचून राष्ट्र उभारायला निघालेल्यांची अवस्था याहून स्पष्ट कशात दिसेल, ते मला सांगता येणार नाही.

रिशोन लेत्सियोनची गोष्ट पैशाची आहे. १८८२ च्या जुलैअखेर वसलेल्या या गावात पाणीच लागेना, आणि विहीर आणखी खोल नेण्याइतका पैसा कोणाकडे उरला नव्हता. तेव्हा योसेफ फाइनबर्ग या वसाहतकाराला मदत मागण्यासाठी युरोपात पाठवण्यात आले आणि पॅरिसमध्ये धनाढ्य पेढीवाल्या घराण्यातील बॅरन एदमाँ द रॉथशिल्ड याने त्याची विनंती ऐकली. पाणी लागले, गाव वाचले, परंतु गावाची मालकी वसाहतकारांच्या हातून निसटली. बॅरनचे कारभारी आले. काय पेरायचे, कोणाला किती तनखा द्यायचा, हे ते ठरवू लागले. गव्हाऐवजी द्राक्षे आली, दारूची मोठी तळघरे बांधली गेली, आणि द्राक्षांना बाजारभावापेक्षा चढा दर मिळू लागल्याने शेतकरी पुरते परावलंबी झाले. १८८७ मध्ये रिशोनच्या लोकांनी कारभाऱ्याविरुद्ध बंड केले. ते मोडले, आणि ज्याने ही मदत आणली त्याच फाइनबर्गला गाव सोडावे लागले. बॅरनला दोष देणे सोपे आहे, पण त्याच्या पैशावाचून ही गावे टिकली असती असे मला वाटत नाही. धर्माचा प्रश्नही अधूनमधून डोके वर काढीच: १८८८-८९ हे शास्त्राप्रमाणे जमीन पडीक ठेवण्याचे सातवे वर्ष आले, तेव्हा जमीन नावापुरती परधर्मीयाला विकून शेती चालू ठेवावी की नाही यावरून रब्बींमध्ये मोठा वाद माजला.

आणखी एक गोष्ट या मंडळींच्या हिशेबात नव्हती, ती म्हणजे तेथे आधीपासून राहणारे अरब. गेदेराच्या जमिनीवर शेजारच्या कत्रा गावचे शेतकरी राबत होते. खरेदीखत झाले ते त्यांना वगळून, त्यामुळे तंटे अटळच होते. १८८६ मध्ये पेताह तिक्वावर हल्ला झाला, त्याच्या मुळाशीही जमीन आणि चराईचेच भांडण होते. ओडेसाच्या आशेर गिन्सबर्ग याने, जो अहाद हाआम या नावाने लिहीत असे, १८९१ मध्ये वसाहती स्वतः पाहून स्पष्ट लिहिले की हा देश ओसाड आहे हा समज चुकीचा असून पीक घेता येईल अशी पडीक जमीन येथे मिळणे कठीण आहे. वसाहतकार अरबांशी ज्या उर्मटपणे वागत होते, त्यावरही त्याने कडक ताशेरे ओढले. ते ऐकून घेणारे थोडे निघाले.

संघटनेचे पाहू गेल्यास, १८८४ च्या नोव्हेंबरात पिन्स्करच्या अध्यक्षतेखाली सर्व झायनप्रेमी मंडळांची परिषद काटोवित्स येथे भरली. ते गाव तेव्हा जर्मनीत होते आणि रशियात अशी सभा उघडपणे घेता येत नव्हती. १८९० मध्ये झारच्या सरकारने या मंडळांच्या ओडेसा समितीला मान्यता दिली, तीही शेतकरी आणि कारागिरांना साहाय्य करणारी धर्मादाय संस्था म्हणून. धर्मादाय संस्था वर्गणी गोळा करू शकते, सुलतानाशी वाटाघाटी करू शकत नाही. तुर्की सरकारने तर १८८२ पासूनच ज्यूंना साम्राज्यात इतरत्र राहण्यास मोकळीक आणि पॅलेस्टाइनमध्ये मनाई असे धोरण ठेवले होते, कारण बाल्कनमध्ये एकेक प्रांत हातचा जात असताना त्यांना आणखी एक राष्ट्रीय प्रश्न नको होता, आणि हे नवागत रशियाच्या वकिलातीचे संरक्षण मागू शकणारे परकीय प्रजाजन होते. त्यामुळे लाच देऊन, दुसऱ्याच्या नावावर जमीन घेऊन काम रेटावे लागे. हर्झलने नेमके येथे बोट ठेवले: आधी कायदेशीर हक्क मिळवा, मग माणसे न्या. गंमत म्हणजे १८९६ मध्ये ज्यू राष्ट्राची मागणी करणारी आपली पुस्तिका छापायला गेल्यावरच त्याने पिन्स्करचे लिखाण वाचले, आणि ते आधी वाचले असते तर आपण कदाचित लिहिलेच नसते, अशा अर्थाची नोंद त्याने रोजनिशीत केली.

आता बेने इस्राएलींविषयी. कोकणात शेकडो वर्षे राहिलेल्या आणि मराठी बोलणाऱ्या या समाजाचा सुरुवातीच्या चळवळीत वाटा नव्हता. रशियातल्यासारखा छळ त्यांनी येथे कधी सोसला नव्हता, त्यामुळे निघून जाण्याची निकडही नव्हती. १८९७ च्या परिषदेचे निमंत्रण मुंबईच्या बेने इस्राएलींना आले होते. आपल्याला परत नेणारा हात ईश्वराचाच असेल आणि आम्ही त्याची वाट पाहत आहोत, असे सांगून त्यांनी ते नाकारले. कालिशर यांनी पस्तीस वर्षांपूर्वी ज्या समजुतीशी झुंज घेतली होती, ती हीच होती. मुंबईत झायनवादी संघटना निघाली ती १९२० मध्ये, आणि समाजाचा मोठा भाग इस्राएलला गेला तो १९४८ मध्ये ते राष्ट्र स्थापन झाल्यानंतरच.