सोलापुरात महिंद्रा थारला मड टेरेन (खास चिखलासाठीचे) टायर टाकावेत का?

रोज पुणे हायवे आणि कधीमधी मंगळवेढ्याच्या रानात, एवढंच चालवणं असेल तर नको. ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे टायर, बास होतात. मड टेरेन डांबरावर घोंघावतात, अ‍ॅव्हरेज खातात, ओल्या रस्त्यावर ब्रेकही लांब लागतो.

पावसाळ्यात काळ्या रानातून रोजचं जाणं-येणं असेल तर मात्र मड टेरेनच घ्या. आपली काळी माती भलती चिकट. बारीक खाचांत भरली की टायर गुळगुळीत होतो, गाडी जागीच फिरते. मड टेरेनच्या रुंद खाचा फिरता फिरता चिखल झटकतात. साइज कंपनीचाच ठेवा, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) कमी नको. चिखलासाठी हवा उतरवली तर डांबरावर येताच भरा. सोलापूरच्या उन्हात कमी हवेचा टायर लवकर तापतो. गाडी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी) नसेल, तर हा खर्च कशाला?