प्रार्थनेला शब्दच सुचत नाहीत, मी सेवा सोडून परत जाऊ का?

ताई,
मी ख्रिस्ती मिशनच्या सेवेसाठी घरापासून लांब आहे. गेला आठवडा फार वाईट गेला. बहुतेक दारं उघडलीच नाहीत. ज्या एका कुटुंबासोबत आम्ही नियमित वचन वाचत होतो, त्या घरच्या काकांनी आमची पुस्तिका कागदात गुंडाळून परत दिली आणि 'आता येऊ नका' म्हणाले. बाहेर पडल्यावर माझी जोडीदार म्हणाली, "तुझ्या चेहऱ्यावर कंटाळा दिसतो, म्हणून लोक नाही म्हणतात." मी तिला नको ते बोलले. तेव्हापासून आमचं कामापुरतंच बोलणं आहे. रात्री गुडघे टेकते, पण आतून काहीच उमटत नाही. शुक्रवारी एका आजींच्या डोळ्यांत औषध घालण्यात अर्धा तास गेला. आठवड्याच्या अहवालात लिहिण्यासारखं काहीच नव्हतं. माझा विश्वास संपला का? परत जाऊ का?
– एक थकलेली सेविका

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. जिचा विश्वास संपलाय ती रात्री गुडघे टेकत नाही आणि प्रार्थना जमत नाही म्हणून रडतही नाही. तू थकली आहेस, दुखावली गेली आहेस, आणि त्यात एकटी पडली आहेस. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांना अविश्वास म्हणू नकोस.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट तुला पाठ असेल, तरी आज पुन्हा वाच, 1 राजे, 19 वा अध्याय. एवढा मोठा संदेष्टा झुडपाखाली बसून देवाजवळ मरण मागतो. देवाने त्याला काय दिलं? उपदेश नाही, फटकारही नाही. आधी झोप. मग दूताने उठवलं, उशाशी भाकर आणि पाणी. तो जेवला आणि पुन्हा झोपला. दूत दुसऱ्यांदा आला, पुन्हा खायला दिलं, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नव्हती. 'तू इथे काय करतोस?' हा प्रश्न देवाने विचारला तो पुढे, होरेब डोंगरावर. तू मात्र उपाशीपोटी, अपुऱ्या झोपेवर, रात्री उशिरा स्वतःला हाच प्रश्न विचारते आहेस. आज लवकर झोप. प्रेषित पहिल्या फेरीवरून परतले तेव्हा येशूनेही त्यांना आधी एकांतात जाऊन थोडा विसावा घ्यायलाच सांगितलं. विसाव्याचा दिवस तुम्हालाही असतो. तो कपडे धुण्यात आणि अहवाल भरण्यात संपवू नकोस.

प्रार्थनेचं म्हणशील तर स्वतःचे शब्द जुळवायचा हट्ट काही दिवस सोड. 13 वं स्तोत्र फक्त सहा वचनांचं आहे आणि त्याची सुरुवातच 'कोठवर?' या प्रश्नाने होते. तेच मोठ्याने वाच. तेही जड वाटलं तर 88 वं वाच. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, कुठेही उजाडत नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. असं काही देवासमोर बोलायला परवानगी आहे हे कळलं की छातीवरचं ओझं थोडं हलतं.

आता त्या काकांविषयी. त्यांनी नाही म्हटलं, तो त्यांचा हक्क आहे. पुस्तिका फाडली नाही, फेकली नाही, नीट गुंडाळून हातात दिली, यात मला माणुसकीच दिसते. पुन्हा त्या दारी जाऊ नका, दुसऱ्या कुणाकरवी निरोपही धाडू नका. आजवर घरात बसू दिलं त्याबद्दल मनातल्या मनात आभार मान आणि त्यांना मोकळं सोड. करिंथच्या मंडळीला प्रेषित पौल लिहितो की मी लावलं, माझा सहकारी अपुल्लोस याने पाणी घातलं, पण वाढवलं देवाने. लोकांनी काय ठरवावं हे तुझ्या हातात कधीच नव्हतं, मग त्याचा हिशेब तू का देत बसली आहेस? त्याच पत्रात पौल असंही कबूल करतो की मी तुमच्याकडे आलो तेव्हा अशक्त होतो, भीतीने कापत होतो.

आणि त्या आजी! पत्रात तू त्यांना एका ओळीत उरकलंस. मला मात्र तिथेच थांबावंसं वाटलं. डोळ्यांत थेंब घालायचे म्हणजे आधी हात धुवायचे, त्यांची मान मागे टेकवायची, खालची पापणी हलकेच ओढायची, त्या दचकून डोळा मिटतात तेव्हा न चिडता पुन्हा सांगायचं, आणि थेंब पडल्यावर त्यांना डोळा मिटायला सांगून थोडा वेळ शेजारी बसायचं. आठवडाभर दारं बंद झाल्यावर, भांडण झाल्यावर, आतून सगळं कोरडं पडलेलं असताना तू हे अर्धा तास केलंस. सेवेला निघण्यापूर्वी केलं असतंस का, स्वतःलाच विचार. मला वाढ म्हणतात ती इथे दिसते. अहवालात तिला रकाना नाही, त्याला तू काय करणार?

इंग्लंडचे मिशनरी विल्यम केरी 1793 मध्ये बंगालात आले. तिथल्या स्थानिक माणसाचा त्यांच्या हातून पहिला बाप्तिस्मा 1800 च्या डिसेंबरात झाला, कृष्ण पाल या सुताराचा. या सुताराचा निखळलेला खांदा केरींचे सहकारी डॉ. जॉन थॉमस यांनी बसवला आणि त्यानंतर त्यांचा घरोबा वाढला. यावरून सेवा हे आमिष आहे असं मात्र समजू नकोस. आजींना आपला संदेश कधीच ऐकावासा वाटला नाही, तरी औषधाची वेळ झाली की जा.

केरींची गोष्ट चिकाटीची म्हणून सांगतात. मला तिची दुसरी बाजूही सांगावीशी वाटते. त्या वर्षांत त्यांचा लहानगा पीटर गेला आणि पत्नी डॉरोथी मानसिक आजाराने खचल्या, त्या पुन्हा सावरल्याच नाहीत. सेवेच्या नावाखाली कुणाचं मन असं मोडू देणं मला मान्य नाही, तुझंही नाही. म्हणून मिशनच्या प्रमुखांना स्पष्ट सांग: झोप किती लागते, जेवण जातं का, रडू किती वेळा येतं. पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे न्या म्हणून सांग. जगणंच नको असा विचार एकदा जरी डोकावला, तर पंधरा दिवस थांबू नकोस, त्याच क्षणी कुणाला तरी उठव.

जोडीदाराशी आजच बोल. ती जे बोलली ते लागणारंच होतं. पण ती बंद दारं तिनेही पाहिली आहेत, आणि तिची भीती तुझ्यावर निघाली असं मला वाटतं. "मी तोडून बोलले, चुकलं माझं. पण तुझं ते वाक्य मला फार लागलं," एवढं म्हण आणि मग तिला बोलू दे. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्यासारख्यांचं मार्क नावाच्या सहकाऱ्यावरून इतकं बिनसलं की दोघं वेगळ्या वाटांनी गेले. जमलंच नाही तर जोडी बदलून मागण्यात कमीपणा नाही.

तो मार्क आठवतो ना? पहिल्या प्रवासातून अर्ध्यावर घरी परतलेला. पुढे पौलानेच तुरुंगातून लिहिलं की त्याला घेऊन ये, सेवेत तो माझ्या उपयोगी आहे. तेव्हा परत जायचं ठरलंच तर मान खाली घालून जाऊ नकोस. फक्त हा निर्णय अशा आठवड्याच्या शेवटी, रात्री, एकटीने घेऊ नकोस. आधी झोप, मग जोडीदार, मग प्रमुख, आणि घरी फोन करशील तेव्हा आईला खरं काय ते सांग. त्यानंतरही पाय परतीकडेच ओढत असतील तर मला लिही, मी उत्तर देईन.

तुझी,
ताई