‘ग्राउंड झीरोज’ला समीक्षकांनी कमी गुण का दिले होते? इतका छोटा गेम आज खेळण्यात अर्थ आहे का?

‘ग्राउंड झीरोज’ हा ‘मेटल गियर सॉलिड’ या मालिकेतला, पहारेकऱ्यांपासून लपतछपत खेळायचा व्हिडिओ गेम. त्याचे गुण तसे वाईट नव्हते. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर प्लेस्टेशन ४च्या आवृत्तीची सरासरी १०० पैकी ७५च्या आसपास आहे. पण ‘मेटल गियर सॉलिड’च्या मुख्य मालिकेला नव्वदीच्या पुढच्या आकड्यांची सवय होती, त्यामुळे हे गुण फारच कमी वाटले.

मुख्य कारण लांबी. गेम मार्च २०१४ मध्ये आला, आणि मुख्य मिशन दोन तासांच्या आत संपतं ही बातमी त्याआधीच पसरली होती. नव्या कन्सोलसाठी डिस्कची किंमत कोनामी या कंपनीने आधी ४० डॉलर ठरवली होती, ती नंतर ३० वर आणली. जुन्या कन्सोलवर डाउनलोड २० डॉलरला होतं. ‘फँटम पेन’ या ज्या मोठ्या गेमची ही प्रस्तावना, तो यायला अजून दीड वर्ष होतं. मग बहुतेक रिव्ह्यूंमध्ये तास आणि डॉलर यांचाच हिशोब झाला. ज्याला पैसे मोजायचे आहेत त्याला तो हिशोब हवाच, त्यात समीक्षकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्या हिशोबात एक गोष्ट निसटली असं मला मनापासून वाटतं: हा गेम एकदा संपवण्यासाठी बनवलेलाच नाही.

मीही पहिल्यांदा दोन तासांतच संपवला होता आणि हिरमुसलो होतो. काळ १९७५चा, जागा क्युबातला कॅम्प ओमेगा हा अमेरिकी तळ, आणि पावसाळी रात्री तिथून चिको आणि पाझ या दोघा कैद्यांना सोडवायचं. एवढंच काम. पहिल्या खेपेला मी कुंपणाकुंपणाने रांगत गेलो, सर्चलाइट दिसला की श्वास रोखून पडून राहिलो. दुसऱ्या खेपेला एका ट्रकच्या मागच्या बाजूला चढून बसलो, तर त्याने मला थेट मधल्या इमारतीच्या फाटकातून आत नेलं! तिसऱ्या खेपेला चिकोची कॅसेट नीट कान देऊन ऐकली. पाझला कुठल्या वाटेने नेलं, ते त्यातल्या आवाजांवरून उलगडत जातं. पडद्यावर बाण नाही, खूण नाही, फक्त तुमचे कान. तळ तोच, पहारेकरी तेच, आणि तरी प्रत्येक रात्र वेगळी. शिवाय त्याच तळावर दिवसाउजेडी किंवा वेगळ्या हवामानात खेळायची छोटी मिशनं आहेत, त्यांत लपण्याचं गणितच बदलतं. समीक्षकांनी हे मोकळेपण, पहारेकऱ्यांची हुशारी आणि गेम ज्यावर चालतो त्या फॉक्स इंजिन या सॉफ्टवेअरचं देखणेपण वाखाणलं होतं, हेही सांगायला हवं. कौतुक होतं, फक्त त्याचं वजन किमतीच्या तक्रारीपुढे कमी पडलं.

एक टीका मात्र आजही तितकीच खरी आहे, आणि ती लांबीबद्दल नाही. (कथा आधी कळायला नको असेल तर हा परिच्छेद सोडा.) पाझवरचे लैंगिक अत्याचार एका कॅसेटमधून ऐकवले जातात आणि शेवटी तिच्या शरीरातच बॉम्ब निघतो. काही समीक्षकांनी याला तेव्हाच हरकत घेतली होती. मला ती पूर्ण पटते. एवढं भयंकर दाखवायचं तर तिच्या यातनेसाठी कथेत जागा ठेवायला हवी होती. इथे ती फक्त नायकाच्या सूडाला कारण म्हणून येते. मी कितीही वेळा खेळलो असलो, तरी ती कॅसेट पुन्हा कधी लावली नाही.

आज खेळावा का? हो, आणि ‘फँटम पेन’च्या आधीच खेळा. दोन्ही एकत्र मिळणारी ‘डेफिनिटिव्ह एक्सपिरियन्स’ ही आवृत्ती २०१६ मध्ये आली, त्यामुळे वेगळ्या किमतीचा प्रश्न उरलेला नाही. कॅम्प ओमेगावरचे बाकीचे कैदीही सोडवा; तुमच्या खेळाची साठवलेली नोंद, म्हणजे सेव्ह, पुढे नेलं की ते ‘फँटम पेन’मध्ये तुमच्या तळावर हजर होतात. आणि पहारेकऱ्याने पाहिल्यावर वेळ मंदावणारा रिफ्लेक्स मोड पहिल्यांदा चालू ठेवलात तरी दुसऱ्या खेपेला बंद करा. कॅम्प ओमेगाची खरी भीती तेव्हा कळते.