नाव एक, रोपं दोन

प्रश्न: खानापूर तालुक्यातल्या (जि. बेळगाव) आमच्या गावी आजी ज्या पाल्याला ब्राह्मी म्हणते, त्याला शेजारच्या कन्नड अक्का ओंदेलग म्हणतात. रोपवाटिकेत मात्र ब्राह्मी म्हणून वेगळंच रोप मिळालं. आजीची माहिती वहीत उतरवायची आहे. कुठलं नाव धरू?

उत्तर: दोन्ही नावं लिहा, पण ओळख नावावर सोडू नका. आजीचा पाला बहुधा कारिवणा, म्हणजे मंडूकपर्णी असावा: लांब देठावर गोलसर पान, जमिनीवर पसरणारे धागे, पेरापेराला मुळं. कन्नडमध्ये ‘ओंदु’ म्हणजे एक, ‘एले’ म्हणजे पान. नावातच खूण आहे. रोपवाटिकेतली नीरब्राह्मी असेल, तर तिची पानं बारीक, मांसल, बिनदेठाची आणि समोरासमोर असतात. आयुर्वेदात दोन्ही आहेत, पण वेगवेगळ्या.

एका वनस्पतीला वहीचं एक पान द्या. जागा (बांध, ओढा, रान), कुठला भाग, कधी काढायचा, ओला की वाळवून, हे सगळं टिपा. आजी ‘मूठभर’ म्हणाली तर मूठभरच लिहा आणि तिच्याच मुठीतला पाला तोलून वजन शेजारी नोंदवा. कुणाला द्यायचं नाही, हे आवर्जून विचारा; नेमकं तेच लिहायचं राहतं.

सोबत नमुना हवाच. फुलासह ३०-४० सेंमी फांदी, लहान रोप असेल तर मुळासकट, वर्तमानपत्रात दाबा. एक पान उलटं ठेवा, म्हणजे मागची बाजू दिसेल. पहिला आठवडा कागद रोज बदला. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात हे चुकलं की बुरशी येते, पानं काळी पडून गळतात. भीमगड अभयारण्यातून परवानगीशिवाय काही तोडू नका. तिथं फोटोच काढा. ओळख पक्की करायला बेळगावातल्या एखाद्या कॉलेजचा वनस्पतिशास्त्र विभाग गाठा.

२००२च्या जैवविविधता कायद्यानुसार गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांची आणि त्यांच्याविषयी लोकांना असलेल्या माहितीची नोंद असते. तिथं काय द्यायचं ते आजीनंच ठरवावं. घराण्यात जपलेला उपाय तिची परवानगी नसेल तर घरच्या वहीतच राहू द्या.

प्रश्न: बांधावरची शतावरी खणली, पुन्हा फुटलीच नाही. का?

उत्तर: कोंब मुळांना नाही, मुळं जिथं एकत्र येतात त्या वरच्या गड्ड्याला फुटतात. तो कुदळीनं निघाला की वेल संपली. पावसाळ्यानंतर एका बाजूनं माती उकरा, बाहेरची जाड मुळं कापा, निम्मी तरी ठेवा आणि माती लगेच ओढा.