वीसेक, एकवीस आणि एकोणदहा

लहान मुलीशी रोजच्या बोलण्यात घडलेला एखादा गमतीदार संवाद सांगाल का, असे आपण विचारले आहे. एखादाच निवडणे अवघड आहे, तरी सध्या आमच्या घरी आकड्यांवरून जे चालले आहे ते सांगतो.

यवतमाळ जिल्ह्यात, तेलंगणाच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात मी कापसाची शेती करतो. मुलगी गावातल्याच शाळेत दुसरीत आहे. तिच्यापाशी दोन मराठी आहेत, एक घरची वऱ्हाडी आणि एक पुस्तकातली, आणि आमचे बहुतेक विनोद या दोन वावरांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, होतात. पुस्तकातल्या कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, हे आपल्याला ठाऊक असेलच. पण पुण्याच्या मावशीकडे इडलीसोबत सांबार खाऊन आलेल्या मुलीने "बाबा, मावशीनं सांबाराचं वरण केलं होतं, अन् त्यात सांबार टाकाले इसरली," अशी तक्रार केली, तेव्हा तिला नेमके काय समजवावे ते मला सुचले नाही.

आता आकड्यांचे. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 2019 साली संख्यावाचनाची एक नवी रीत आली. एकवीस या वाचनासोबत 'वीस एक', त्रेसष्टसोबत 'साठ तीन' असेही छापले गेले. त्यावर तेव्हा बरीच टीका झाली, मीही चारचौघांत हसलो होतो. कारण मात्र साधे आहे. आपण त्रेसष्ट म्हणताना तीन आधी उच्चारतो आणि लिहिताना सहा आधी लिहितो, त्यामुळे पुष्कळ मुले 63 च्या जागी 36 लिहून मोकळी होतात. आमच्याकडे येणारे तेलुगू बोलणारे व्यापारी 21 ला 'इरवै ओकटि', म्हणजे आधी वीस आणि मग एक, असेच म्हणतात, आणि त्यांच्या हिशोबाला आजवर कोणी हसलेले नाही.

सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीला वावरात होणारी पूजा, होऊन गेल्यावरचा पहिला मोठा वेचा होता. वेचणीची मजुरी किलोमागे 10 रुपये ठरली होती. संध्याकाळी अंगणात काटा टांगून मी एकेकीचे गाठोडे मोजत होतो आणि मुलगी पायरीवर वही घेऊन बसली होती. घरची कामे आटोपून उशिरा वावरात आलेल्या एका मावशींचे गाठोडे काट्याला लावले. मुलीने काटा वाचला आणि मोठ्याने सांगितले, "वीस एक!"

मावशी लगेच तिच्यापाशी गेल्या. "वीसेक नोको म्हणू वो पोरी. बराबर किती झाला ते सांग."

"बराबरच सांगतलं ना. वीस एक."

"वीसेक म्हंजे अंदाज झाला. एकुनीस बी होते अन् बावीस बी होते. माह्ये दहा रुपये काहून बुडवतं?"

"वहीत पाहा ना, एकवीस लिवला हाय."

"काय लिवलं ते मले वाचता येत नाई. तू काय म्हणतं ते आयकू येते."

मी हसू दाबून गाठोडे पुन्हा मोजले आणि "एकवीस" असे खणखणीत सांगितले, तेव्हा त्यांचे समाधान झाले. पण माझी आई आतून बाहेर आली आणि तिने नातीची बाजू घेतली. "पोरगी बराबर म्हणते. आमी नाई का मोजत, एक विसा अन् एक?" आईच्या पिढीतल्या, शाळेत न गेलेल्या बायका अजून विसांनी मोजतात, साठ म्हणजे तीन विसा आणि एकसष्ट म्हणजे तीन विसा एक. नव्या पुस्तकातली रीत आमच्या घरात आधीपासून होती, आणि तिच्यावर हसणारा मी तेवढा मधल्या पिढीचा निघालो.

मी पैसे मोजून दिले. मुलीने ते पाहिले आणि विचारले, "बाबा, दोनशे दहा म्हणतानी पहिले दोनशे म्हणलं अन् मंग दहा. तवा मावशी काहून नाई भांडली?" मावशी नोटा पदराला बांधत होत्या. मी काटा उतरवायला घेतला.

त्या रात्री मात्र तिने माझ्याकडून एकोणतीसचा अर्थ काढून घेतला. एक उणे तीस, म्हणजे तिसाला एक कमी. तिला हे फारच आवडलेले दिसले, कारण पुढच्या आठवड्यात शाळेतून आल्या आल्या तिने दप्तर खाटेवर टाकून जाहीर केले, "बाबा, गणिताच्या चाचणीत मले एकोणदहा भेटले."

माझी पत्नी तुरीच्या शेंगा सोलत होती. ती सोलता सोलता थांबली. मलाही क्षणभर लागला.

"असं म्हणत नाईत बाई," मी म्हणालो. "नऊ म्हण ना."

"नऊ म्हणलं तं एक गेला असं दिसते," ती म्हणाली. "एकोणदहात दहा आयकू येते."