हाडाच्या आतलं अस्तर खरंच रक्त तयार करतं का?

आईची बोन मॅरो बायोप्सी कमरेच्याच हाडातून का घेतली आणि हाडाच्या आतल्या अस्तरात रक्त तयार होतं हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तिथे थोडी गल्लत होतेय.

रक्त तयार होतं तांबड्या मगजात, म्हणजे हाडाच्या आतल्या मऊ गरात (बोन मॅरो). अस्तर, म्हणजे एंडोस्टियम, मुख्यतः हाडाचं काम बघतं. मटणाची नळी उभी चिरलीत तर मधे मगज आणि टोकाकडे हाडाची जाळी दिसेल, अस्तर मात्र दिसणार नाही. हाडावरचा बाहेरचा पापुद्रा सुरीने खरवडता येतो. आतला इतका पातळ, की बऱ्याच ठिकाणी पेशींचा एकच थर. पण जाळीच्या प्रत्येक काडीवर तो असतो.

मायक्रोस्कोपखाली काडीच्या कडेने बहुतेक चपट्या, स्वस्थ पेशी दिसतात. नवं हाड घातलं जातंय तिथे हाड घडवणाऱ्या पेशी, ऑस्टिओब्लास्ट, टपोऱ्या होऊन ओळीने बसलेल्या असतात, आणि हाड झिजवणारी भलीमोठी, अनेक केंद्रकांची ऑस्टिओक्लास्ट आपणच कोरलेल्या खळग्यात. मला सगळ्यात विलक्षण वाटते ती हीच पेशी, कारण ती येते रक्ताच्या मूलपेशींपासून, म्हणजे ज्यांच्यापासून सगळ्या रक्तपेशी बनतात त्यांच्यापासून! जुनं हाड काढायला रक्ताच्याच कुळातली पेशी लागते.

मग रक्ताला हाडाची गरज असते का? रक्ताच्या मूलपेशी ठरावीक जागी, शेजारच्या पेशींच्या आधाराने टिकतात, असं शास्त्रज्ञ रे स्कोफील्ड यांनी 1978 मध्ये मांडलं. 2003 मध्ये उंदरांवरच्या दोन अभ्यासांत ऑस्टिओब्लास्ट वाढले तशा मूलपेशीही वाढलेल्या दिसल्या, आणि ती जागा म्हणजे अस्तरच असं बरेच जण धरून चालले. पुढे पुष्कळशा मूलपेशी मगजातल्या रक्तवाहिन्यांलगत सापडल्या. त्यामुळे सगळं श्रेय अस्तराला देणं मला पटत नाही. पण त्याचा शेजार महत्त्वाचा आहेच: निरोगी मगजात काही पांढऱ्या पेशींची कोवळी रूपं हाडाच्या कडेला असतात, तयार होत जातात तशी आत सरकतात. पॅथॉलॉजिस्ट ही मांडणी मुद्दाम बघतात.

आता कमरेचं. लहानपणी जवळपास सगळ्या हाडांत तांबडा मगज असतो. मोठेपणी हातापायांच्या लांब हाडांत बहुतांशी चरबीचा पिवळा मगज होतो. तांबडा उरतो तो कंबर, मणके, बरगड्या आणि छातीच्या मधल्या हाडात. त्यात कमरेचं हाड मोठं, मागून कातडीला जवळ, म्हणून सुई तिथेच सोयीची आणि सुरक्षित.

आईंची पाळी गेली असेल तर आणखी एक विचारून घ्या. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झालं की अस्तराच्या बाजूने हाड जास्त झिजतं आणि त्याची भिंत आतून पातळ होत जाते. हाडांची घनता तपासायची का, हे डॉक्टर सांगतील. सुईने पडलेलं भोक भरायला अस्तरातल्या पेशी आहेतच, त्याची काळजी नको. पण रक्त थांबत नसेल, दुखणं वाढत असेल किंवा ताप आला तर लगेच कळवा.