येशूच्या मागे जायचं तर घर, नोकरी सोडावीच लागते का?

बायबलमधल्या लूकच्या पुस्तकात, १४व्या अध्यायात, येशू म्हणतो, की जो आपल्या आईबापांचा द्वेष करत नाही तो माझा शिष्य होऊ शकत नाही. हे वचन वाचून तुम्ही धास्तावलात आणि विचारलंत, की शिष्य व्हायला सगळं सोडावंच लागतं का. सगळ्यांना नाही, असं शुभवर्तमानं (येशूच्या जीवनाची बायबलमधली पुस्तकं; लूक, मार्क, मत्तय ही त्यांतलीच) वाचून मला ठामपणे वाटतं.

मी ठाण्यात लहानाची मोठी झाले. मुलुंड चेकनाक्यावर जकातीसाठी खोळंबलेल्या ट्रकच्या रांगा पाहिल्यात, त्यामुळे बायबलमधले जकातदार मला चटकन डोळ्यांपुढे दिसतात. लूकमध्ये असे दोघे आहेत. लेवी नाक्यावर बसलेला असतो. येशू "माझ्यामागे ये" म्हणतो आणि तो सगळं सोडून उठतो. (लगेच स्वतःच्या घरी मोठी मेजवानीही देतो, म्हणजे घर होतंच!) यरीहोचा जक्कय मात्र मुख्य जकातदार. त्याला येशू काम सोडायला सांगत नाही, त्याच्याच घरी उतरतो. जक्कय आपणहून अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायला निघतो आणि ज्याला लुबाडलं असेल त्याला चौपट परत करीन म्हणतो. हे 'चौपट' मला फार मोलाचं वाटतं. पश्चात्ताप थेट पैशाच्या थैलीपर्यंत पोचलाय.

मार्कच्या पहिल्या अध्यायात मासे धरणाऱ्या शिमोन पेत्राने येशूमागे जायला जाळी सोडून दिली, पण थोड्याच ओळींनी सगळे त्याच्या घरी असतात, कारण सासूला ताप आहे. आणि मार्कच्याच ५व्या अध्यायात भूतग्रस्त माणूस बरा झाल्यावर येशूबरोबर राहू द्या म्हणून विनवतो, तेव्हा येशू त्याला घरी, आपल्या माणसांत परत पाठवतो.

राहिलं ते द्वेषाचं वचन. मत्तय १०:३७ शेजारी ठेवून वाचा. तिथे येशू आईबापांवर 'माझ्यापेक्षा अधिक' प्रीती करण्याबद्दल बोलतो. प्रश्न पहिल्या जागेचा आहे. देवाला अर्पण केलं असं सांगून आईबापांना मदत नाकारणाऱ्यांना तर तो मार्कच्या ७व्या अध्यायात चांगलंच फटकारतो.

म्हणून हा मार्ग सोपा आहे असं मात्र समजू नका. 'आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे या' या येशूच्या वचनात लूक 'दररोज' हा शब्द घालतो, आणि मला तोच सर्वांत जड जातो. एकदाच घर सोडणं कदाचित जमेलही. पण ज्या नातेवाइकाशी वर्षभर बोलणं नाही त्याला आज फोन करायचा, उद्या परत करायचा, हे जमता जमत नाही.

राजीनामा लिहायची घाई करू नका. बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशोब करतो, हेही त्याच १४व्या अध्यायात, दोनच ओळी खाली आहे.